तलाव डाव्या हाताला ठेवा

कानात इअरफोन घालून, सायकल चालवता चालवता हा भाग ऐकत असाल, तर आधी थांबा. सायकल बाजूला घ्या, इअरफोन काढा, घरी जाऊन ऐका. मी कुठे पळून नाही चालले. आजचा विषयच असा आहे की कान मोकळे हवेत.

तर विषय असा. गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की ताई, नागपुरात घरच्यांना घेऊन, म्हणजे लहान पोट्टे, आईवडील, सगळ्यांना घेऊन, तलावाभोवती आरामात सायकलची एक चक्कर मारायची तर कुठे जायचं? फुटाळा की अंबाझरी? किती किलोमीटर? सायकल कोणती?

आता खरं सांगू का, मलाही वाटायचं की हा किलोमीटरचा प्रश्न आहे. पाच किलोमीटर म्हणजे सोपं, पंधरा म्हणजे अवघड. नाही. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली. अख्खी अमेरिका, या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत, बारा दिवसांच्या आत. तो वेगळा भाग होईल कधीतरी. आपण बोलतोय ते नऊ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांचे आजोबा एकाच रस्त्यावर असतात तेव्हाबद्दल. तिथं किलोमीटर शेवटी येतात. पहिला प्रश्न हा, की तलाव तुमच्या कोणत्या हाताला आहे.

हसू नका. सांगते.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवार, सकाळचे सात वाजले असतील. आम्ही चौघं फुटाळ्यावर. मी, नवरा, लेक आणि माझे बाबा. लेकीची नवी सायकल, वीस इंची चाकांची, दोन आठवड्यांपूर्वी घेतलेली. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तिनं तोल शिकला होता, वळणं शिकली होती, ब्रेक मारून उगाच कर्रर्र आवाज काढायलाही शिकली होती. मला वाटलं, झालं, आता रस्त्यावर न्यायला हरकत नाही. फुटाळ्याची चौपाटी, सकाळची गर्दी कमी, थंडी मस्त. नवरा पुढे, मध्ये लेक, मागे मी, आणि बाबा त्यांच्या लयीत सगळ्यात मागे.

आम्ही ज्या बाजूनं आलो होतो त्या बाजूनं पाणी आमच्या उजव्या हाताला होतं. आम्ही रस्त्याच्या डाव्या कडेनं चाललेलो, म्हणजे पाणी आणि आमच्यामध्ये अख्खा रस्ता. मला त्यात काही खटकलं नाही. कशाला खटकेल?

तेवढ्यात एक पाणकावळा. पंख पसरून, वाळत घातल्यासारखा बसला होता. लेक ओरडली, “आई, बघ ना, तो काय करून राहिला!” आणि मान वळवली उजवीकडे. मान वळली तशी सायकलही वळली. तिला कळलंसुद्धा नाही. ती सरळ तिरकी तिरकी रस्त्याच्या मधोमध. मागून एक स्कूटीवाला. त्यानं ब्रेक दाबला, स्कूटी जराशी घसरली, पण सावरला. तो थांबला, मी थांबले, लेक मात्र अजून पाणकावळ्याकडेच पाहतेय. तो बिचारा रागावलाही नाही. म्हणाला, “ताई, लहान आहे, सांभाळा जरा.” आणि गेला.

माझे पाय इतके थरथरत होते की मी फुटपाथवर बसले. आणि मग, तुम्हाला माहीतच आहे आया काय करतात ते, मी लेकीवर ओरडले. समोर का नाही पाहत! किती वेळा सांगितलं! ती रडायला लागली. म्हणाली, “मी कुठे वळवली? ती आपोआप वळली.”

बाबा तोवर येऊन पोचले होते. त्यांनी शांतपणे सायकल स्टँडवर लावली आणि म्हणाले, “तिच्यावर काहून ओरडतं? पोरगी जिकडं पाहीन तिकडंच जाईन ना. तळं तिच्या डाव्या अंगाला ठेव.”

बस्स. एवढंच.

आता हे बाबांचं म्हणणं जरा उलगडून बघू या. सायकल हँडलनं वळते असं आपल्याला वाटतं. पण चालवणारा नजर जिकडे नेतो तिकडे खांदे जातात, खांद्यांबरोबर हात जातात, वजन तिकडे झुकतं आणि चाक तिकडे जातं. मोटरसायकल शिकवणारेही हेच सांगतात, की खड्ड्याकडे बघू नका, खड्ड्यातच जाल. मोठी माणसं सरावानं मान वळवूनही हँडल सरळ धरू शकतात. नवशिका मुलगा किंवा मुलगी नाही धरू शकत. तिची चूक नसते ती, तिचं शरीर अजून ते वेगळं करायला शिकलेलं नसतं.

आणि तलावावर गेल्यावर मूल कुठे बघणार? पाण्याकडे! त्यासाठीच तर नेलंय ना आपण. मग पाणी उजवीकडे असेल, तर मूल बघेल उजवीकडे, सरकेल उजवीकडे, म्हणजे गाड्यांमध्ये. पाणी डावीकडे असेल, तर सरकेल डावीकडे, म्हणजे कडेला. मूल तेच, रस्ता तोच, पाणकावळाही तोच. फक्त दिशा बदलली.

दुसरा फायदा तर मला घरी येऊन कागदावर गोल काढल्यावर कळला. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते. तलाव डाव्या हाताला ठेवून फेरी मारली, की सगळी वळणं डावीकडची. समोरून येणाऱ्या गाड्या कापून उजवीकडे वळायचं, हा जो सगळ्यात धोक्याचा क्षण असतो, तो फेरीत येतच नाही. शिवाय डावीकडे पाणी आहे म्हणजे डावीकडून अचानक गल्ली फुटत नाही, गल्लीतून रिक्षा येत नाही. पाण्यातून कोण येणार आहे?

इथं एक सूचना, खास यूट्यूबवाल्यांसाठी. तुम्ही अमेरिका किंवा युरोपातले फॅमिली राइडचे व्हिडिओ बघत असाल, तर तिथं बहुतेक ठिकाणी वाहतूक उजवीकडून चालते. त्यांचं सगळं उलट. त्यांच्यासाठी तलाव उजव्या हाताला ठेवणं सोयीचं. व्हिडिओ जसाच्या तसा फुटाळ्यावर उतरवू नका.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे उलटी प्रदक्षिणा?” बरोबर आहे तिचं. देवळात आपण देव उजव्या हाताला ठेवून फिरतो. सायकलवर त्याच्या बरोब्बर उलटं. आईनं पुढे अजून एक पुडी सोडली, की शंकराची प्रदक्षिणा तर अर्धीच असते, पन्हाळीपर्यंत जायचं आणि ती न ओलांडता परत फिरायचं. मी तेव्हा हसले. पण गंमत बघा, नागपूरच्या बहुतेक तलावांना हीच अर्धी प्रदक्षिणा लागू पडते.

कारण आपले तलाव हे निसर्गानं दिलेले नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत. अंबाझरी १८७० सालचा, शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेला. फुटाळा भोसल्यांचा. असा तलाव बांधताना काय करतात? एका बाजूला पाळ घालतात आणि वाहतं पाणी अडवतात. पाळ उंच असते, पक्की असते, म्हणून रस्ता, बाग, चौपाटी, भुट्टेवाला, सगळं पाळीच्या बाजूला. उरलेल्या बाजूंनी पाणी आत येतं. तिथं काठ असा ठरलेला नसतोच. पावसाळ्यात पाणी पुढे येतं, एप्रिल-मेमध्ये मागे जातं. तिथं रस्ता नसतो, आणि नसावाही, कारण पाणी येण्याची वाटच ती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला तेव्हा खालच्या वस्त्यांमध्ये काय झालं ते नागपूरकरांना सांगायला नको. पाण्याच्या वाटेत काय उभं करावं आणि काय करू नये, यावर तेव्हापासून बरंच बोलून झालंय.

त्यामुळे कुणी ‘फुटाळ्याला गोल चक्कर मारू’ म्हणालं, तर समजून घ्या की चक्कर होत नाही. चौपाटीच्या बाजूनं जायचं आणि परत यायचं. बाकी बाजूंना झाडी आणि कृषी महाविद्यालयाकडची जमीन. अंबाझरीची गोल चक्कर रस्त्यानं काढायचीच म्हटली, तर एकीकडे अमरावती रोड आणि दुसरीकडे हिंगणा रोड लागतो. ट्रक, बस, एमआयडीसीच्या गाड्या. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावी, मीही केलीय, पण मुलांना घेऊन? नाही बाप्पा.

मग अर्ध्या प्रदक्षिणेत काय करायचं? जाताना तलाव डावीकडे असेल तर येताना उजवीकडे येणारच. आमच्या घरात त्यावर एक नियम झालाय: बघायचं असेल तर थांबायचं. तलाव उजवीकडे असताना सायकल चालवत पाण्याकडे बघायचं नाही. पक्षी दिसला, होडी दिसली, काहीही दिसलं, “थांबा!” असं ओरडायचं. सगळे डाव्या कडेला थांबतात, पाय जमिनीवर टेकवतात, मग मनसोक्त बघतात. सुरुवातीला दर शंभर फुटांवर थांबावं लागलं. नवरा वैतागला. पण खरं सांगते, त्या थांबण्यामुळेच मला पहिल्यांदा कळलं की फुटाळ्यावर किती प्रकारचे पक्षी बसतात. इतकी वर्षं मी तिथं फक्त मोमो खाल्ले होते.

आणि परतताना मूल असतं डाव्या कडेला, मोठा माणूस त्याच्या किंचित मागे आणि उजवीकडे. म्हणजे मूल सरकलंच तर आधी तुमच्या चाकाला लागेल. पुढच्या मोठ्या माणसाचं काम वेग ठरवणं नाही, वेग अडवणं आहे. वेग ठरवतो सगळ्यात हळू असलेला. आमच्यात ते बाबा नाहीत बरं का, मीच आहे. बाबा ताशी दहाच्या लयीत तासभर सहज चालवतात, बोलत बोलत.

आता या सगळ्यावर तुम्ही म्हणाल, अहो पण पूर्ण गोल, रस्त्यानं, सोपा, असा एकही तलाव नाही का नागपुरात? आहे की! आणि तो आपण कोणी मोजतच नाही. गांधीसागर. शुक्रवारी तलाव म्हणा, जुम्मा तलाव म्हणा. चांद सुलतानाच्या काळातला, म्हणजे या तिघांमधला थोरला. महालाच्या अलीकडे, रमण विज्ञान केंद्राच्या जवळ. हा तलाव चौकोनी आहे, दगडी भिंतीनं बांधलेला, वर लोखंडी कठडा, मध्ये बेट, बेटावर बाग आणि शंकराचं देऊळ. आणि त्याला कडेकडेनं फेरी मारता येते.

मला हे सुचलं नव्हतं. बाबांनीच नेलं. बाजूलाच एम्प्रेस मिल होती ना, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली. बाबा तिथं कामाला होते, मिल बंद होईपर्यंत. आता तिथं मॉल आहे. बाबा सांगतात, पाळी सुटली की सायकलींचा नुसता पूर यायचा रस्त्यावर. शेकडो सायकली, डबे हँडलला अडकवलेले, आणि तलावाच्या कडेकडेनं सगळे घरी. “तेव्हा कोणी फॅमिली राइड म्हणत नव्हतं,” ते म्हणाले. “घरी जाणं म्हणत होतो.” फुटाळ्यावर त्यांनी मला जे एका वाक्यात सांगितलं, ते त्या वर्षांमधलं होतं. संध्याकाळच्या पाळीला त्यांचे काही सोबती मुलांना पुढच्या दांडीवर बसवून न्यायचे म्हणे, आणि मुलं तलाव बघायला वाकायची. दांडीवरचं मूल वाकलं की सायकल वाकते. म्हणून ठरलेलं, मूल बरोबर असेल तर वळसा पडला तरी चालेल, पण तळं डाव्या अंगाला.

तर गांधीसागरला आम्ही रविवारी पहाटे गेलो. दिवसा त्या भागात जायचा सल्ला मी देणार नाही, गर्दी असते, हातगाड्या असतात, कॉटन मार्केटची ये-जा असते. पण रविवारी साडेसहाला रस्ते रिकामे. तलाव डाव्या हाताला धरला आणि निघालो. एक कोपरा, डावं वळण. दुसरा कोपरा, डावं वळण. चार वळणं झाली की परत पहिल्या जागी! लेकीला विश्वासच बसेना. तिनं पाच फेऱ्या मारल्या, दर फेरीला बोट मोजत. म्हणजे एका हातानं हँडल धरून. त्यावर परत माझी बोलणी खाल्ली.

छोट्या फेरीचा एक फायदा मला लांबच्या राइडमध्ये कधी मिळाला नव्हता. कोणी दमलं तर तिथंच कठड्यापाशी बसायचं. बाकीचे काही मिनिटांत परत समोरून जातात, हात हलवतात, पाण्याची बाटली देतात. आई तर सायकल चालवतच नाही, तरी ती आली. एका कोपऱ्यावर बसून तिनं आमच्या फेऱ्या मोजल्या आणि दर फेरीला कोणाचा शर्ट वर गेलाय, कोणाची चप्पल सुटतेय ते ओरडून सांगितलं. कोणी हरवत नाही, कोणाला कोणासाठी थांबावं लागत नाही. एकेकाला हव्या तेवढ्या फेऱ्या.

पण इथं दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, ‘तलाव डावीकडे’ हे कठडा असेल तिथंच. गावाकडे गेलात, भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांच्या पाळीवर गेलात, तर तिथं बऱ्याचदा कठडा नसतो, पाळ अरुंद असते, आणि डावीकडे सरकणं म्हणजे पाण्यात जाणं. तिथं मुलांना सायकलवरून उतरवा, हातात धरून चालवा. दुसरं, डाव्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या. कारचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. उभ्या कारपासून एक हात अंतर ठेवायचं. मुलांना आम्ही सांगितलंय, गाडीच्या काचेत डोकं दिसलं की वेग कमी आणि घंटी.

रंगवलेल्या सायकल पट्ट्यांबद्दलही विचारलंत. २०२० मध्ये केंद्राची ‘सायकल्स फॉर चेंज’ म्हणून स्पर्धा झाली, त्यात देशातली अकरा शहरं निवडली गेली आणि त्यात आपलं नागपूर होतं. चांगलीच गोष्ट. पण रस्त्यावरचा रंग म्हणजे भिंत नव्हे. पट्टा आहे म्हणून मुलाला एकटं सोडलं, असं करू नका. पट्ट्यावर गाडी उभी असली की मुलाला बाहेर मुख्य रस्त्यात यावं लागतं, आणि तो क्षण पट्टा नसण्यापेक्षा वाईट. मला तरी असं वाटतं.

गाड्या नकोच असतील, तर अंबाझरीच्या मागचं जैवविविधता उद्यान. वनविभागाचं आहे, साडेसातशे हेक्टरांच्या आसपास पसरलेलं, गवताळ माळ, झाडी, आणि मध्येच तलावाचं पाणी दिसतं. सायकली भाड्यानं मिळतात. तिथं आजचा सगळा नियम विसरलात तरी चालेल, कुठल्याही हाताला तलाव ठेवा. फक्त मातीच्या वाटेवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, चाक घसरतं. आणि उन्हाळ्यात सावलीचा भरवसा धरू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा साडेसातपर्यंत घरी परत.

सायकलीबद्दल फार बोलत नाही, कारण त्यात फार नाही. मुलाची सीट इतकीच उंच, की बसल्या बसल्या दोन्ही पायांचे पंजे जमिनीला टेकतील. मोठं होईल म्हणून मोठी सायकल घेऊ नका, स्वेटर नव्हे तो. ब्रेकची दांडी त्याच्या बोटांना पोचते का ते बघा, कारण बऱ्याच सायकलींमध्ये ती मोठ्या हाताच्या मापाची असते, पण एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की जवळ येते. सायकलवाला दोन मिनिटांत करून देतो. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. हेल्मेट सगळ्यांना, आजोबांनाही. बाबांनी आधी नाही म्हटलं. लेक म्हणाली, “मग मीपण नाही घालत.” घातलं त्यांनी.

नंतर तर्री पोहे कुठे खायचे, हा प्रश्न मला विचारू नका, त्यावर आमच्या घरातच एकमत नाही.

हां, एक राहिलंच. त्या दिवसानंतर आम्ही फुटाळ्यावर परत गेलो. यावेळी दुसऱ्या टोकानं सुरुवात केली, पाणी डावीकडे. लेक पुढे, मी तिच्या मागे. मध्येच तिची मान वळली, सायकल हळूच डावीकडे सरकली, कडेला लागली आणि थांबली. तिनं मागे वळून पाहिलं, मी ओरडतेय का ते बघायला. मी काहीच बोलले नाही. ती म्हणाली, “आई, आज दोन आहेत.” खरंच दोन पाणकावळे होते.

पुढच्या रविवारी भेटू. तुमच्या गावातल्या तलावाला कडेनं फेरी मारता येते का, आणि तुम्ही कोणत्या बाजूनं मारता, ते मला आवाज रेकॉर्ड करून पाठवा. सायकलवरून उतरून मग रेकॉर्ड करा, एवढंच.